पाडकामाशिवाय हाड नाही

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास चपापतो. बोटांची हाडं दिसतात, तळहाताची दिसतात, कोपराकडून खाली येणारी दोन लांब हाडंही दिसतात, पण मधलं मनगट गायब असतं. तिथे नुसता काळपट पट्टा. पंजा जणू हवेत तरंगतोय. काही महिन्यांनी त्या काळोखात दोन पांढरे ठिपके उगवतात. मग वर्षं सरतात तसे एकेक करून बाकीचे. आठवा आणि शेवटचा ठिपका वाटाण्याएवढ्या एका हाडाचा, तो दिसायला 9 ते 12 वर्षं उजाडतात. हा क्रम इतका ठरलेला असतो की डॉक्टर डाव्या पंजाच्या एका फिल्मवरून मुलाच्या हाडांचं वय सांगू शकतात. ते जन्मतारखेपासून फार लांब गेलं, तर वाढीत कुठे अडलंय का हे शोधायला लागतात.

मनगट गायब वगैरे काही नव्हतं. ते होतंच, फक्त कूर्चेचं होतं. नाकाचा शेंडा दाबला की लवतो आणि सोडला की परत उभा राहतो, ती कूर्चा. तिच्यात कॅल्शियम नसल्यामुळे एक्स-रेचे किरण आरपार जातात आणि फिल्मवर काही उमटत नाही. गर्भात आपला बहुतेक सांगाडा आधी असाच कूर्चेत घडतो. मांडीचं हाड, नडगी, मणके, बरगड्या, सगळ्यांचा आकार आधी मऊ साच्यात तयार होतो आणि हाड नंतर येतं. गुडघ्याची वाटीसुद्धा जन्मताना कूर्चेचीच असते. तिच्यात हाड धरायला लागतं ते तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान.

कवटीची चपटी हाडं आणि गळ्याखालचं आडवं हाड (कॉलरबोन म्हणतो ते) याला अपवाद. ती मुख्यतः कूर्चेचा टप्पा गाळून थेट पातळ पडद्यातच तयार होतात. कवटीच्या हाडांमधल्या फटी जिथे एकत्र येतात तिथे बाळाची टाळू लागते, आणि पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. कॉलरबोनची तऱ्हा तर आणखीच न्यारी आहे. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळ्यांत आधी हाड बनायला लागतं ते तिथे, आणि तिचं छातीकडचं टोक पूर्ण जुळतं ते विशी ओलांडल्यावर, बऱ्याचदा पंचविशीच्या आसपास. सगळ्यांत आधी कामावर येऊन सगळ्यांत शेवटी घरी जाणारं हे हाड.

कूर्चा हळूहळू कडक होत जाते आणि तिचंच हाड होतं, असा बहुतेकांचा समज असतो. लोण्याचा गोळा थंडीत घट्ट व्हावा तसं काहीतरी. प्रत्यक्षात असं होत नाही. साच्याच्या मधोमध कूर्चेच्या पेशी फुगतात, त्यांच्या भोवतीच्या भागात क्षार साचतात, आणि मग बाहेरून रक्तवाहिन्या आत घुसतात. त्यांच्यासोबत येते पाडकाम करणाऱ्या पेशींची टोळी. ती कूर्चा खाऊन टाकते. जे थोडे खांब-खुंट उरतात, त्यांच्या अंगाने मागून आलेल्या गवंडी पेशी नवं हाड रचतात. म्हणजे पहिलं बांधकाम पाडून त्याच जागेवर दुसरं उभं राहतं. हाडाची सगळी गोष्ट मला तरी या एका सूत्राभोवती फिरताना दिसते. बांधणाऱ्या पेशींचं कौतुक सगळे करतात, पण हाडाचा खरा कारभार पाडणाऱ्यांच्या हातात आहे.

आधी मालाविषयी थोडं. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला, आठवडाभराने बाहेर काढा. आकार तोच, पण हाड रबरासारखं वाकतं. बारीक असेल तर गाठही मारता येते. आम्लाने त्यातले कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार विरघळवून नेले आणि मागे उरलं ते कोलॅजेन, म्हणजे प्रथिनाच्या दोऱ्या. उलट, हाड भट्टीत जाळलं तर दोऱ्या जळून जातात, क्षार उरतात, आणि ते बोटाच्या चिमटीत खडूसारखं चुरतं. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग क्षारांचा असतो, उरलेल्यात कोलॅजेन आणि पाणी. क्षारांमुळे हाड वजनाखाली दबत नाही आणि दोऱ्यांमुळे ताण पडला तरी लगेच तडकत नाही. मुलांच्या हाडात चिवटपणा जास्त असतो, म्हणून त्यांचं हाड पुष्कळदा ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं. म्हाताऱ्या हाडाला ही सवलत नाही.

आता उंची. हाड रबरासारखं ताणून लांब होत नाही, हे अठराव्या शतकात स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने फार साध्या रीतीने दाखवलं. त्याने कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला दोन बारीक भोकं पाडली आणि पिल्लू वाढू दिलं. काही आठवड्यांनी हाड चांगलंच लांब झालं होतं, पण भोकांमधलं अंतर होतं तेवढंच. म्हणजे वाढ मध्ये नव्हे, टोकांकडे होते.

लांब हाडाच्या दोन्ही टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला वाढपट्टी म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली तर पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. चळतीच्या एका टोकाला नवी नाणी पडत राहतात. मधल्या पेशी फुगतात, आणि उंची वाढते ती मुख्यतः या फुगण्यामुळे. दुसऱ्या टोकाला, हाडाच्या दांड्याच्या बाजूला, मरणाऱ्या कूर्चेवर पुन्हा तीच टोळी तुटून पडते, मागून गवंडी येतात, आणि हाड तेवढं लांब होतं. कूर्चा पुढे पळते, हाड तिचा पाठलाग करतं. ही शर्यत चालू आहे तोवर मूल उंच होत राहतं. वयात येताना ती संपते, पट्टीच्या जागी हाड भरतं आणि उंची थांबते.

शर्यत थांबवतो कोण? मुलग्यांच्या बाबतीत हे काम पुरुषी संप्रेरकाचं असणार, असं पूर्वी साहजिकच वाटायचं. 1994 साली एका 28 वर्षांच्या पुरुषाची हकिगत प्रसिद्ध झाली. उंची 204 सेंटिमीटर, पुरुषी संप्रेरक व्यवस्थित, आणि वाढपट्ट्या मात्र अजून उघड्या. गडी अजून वाढतच होता. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, होतं, पण ते ओळखणारा पेशींमधला ग्राहक (रिसेप्टर) जन्मतःच बिघडलेला होता. मुलगा असो वा मुलगी, वाढपट्टी बंद करायची कळ इस्ट्रोजेनच्या हाती असते. मुलग्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरकातूनच थोडं इस्ट्रोजेन बनतं आणि तेवढं पुरतं.

वाढपट्टीला पुरेसं कॅल्शियम-फॉस्फेट मिळालं नाही, बहुधा ड जीवनसत्त्वाच्या अभावी, तर कूर्चा पिकतच नाही. पट्टी रुंदावते, मनगटं जाड दिसतात, वजनाने पाय धनुकलीसारखे वाकतात. हाच मुडदूस.

लांबीचं झालं, जाडीचं काय? हाडाच्या बाहेरच्या पातळ आवरणाखाली गवंडी थरावर थर चढवतात. पण नुसते थरच चढत गेले असते तर मांडीचं हाड भरीव खांब झालं असतं, उचलवणार नाही इतकं जड, आणि आत मज्जेला जागाच नाही. म्हणून बाहेर भर पडत असते तेव्हा आतून पोखरणं चालू असतं. हे कळायला एक जेवण कारणी लागलं. जॉन बेल्चियर नावाचा लंडनचा सर्जन एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेला असताना त्याला ताटातल्या डुकराच्या मांसातलं हाड लालभडक दिसलं. कापड रंगवताना वापरलेला, मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळीचा रंग लागलेला कोंडा त्या डुकरांना खायला घातला जात होता. बेल्चियरने 1736 मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि संशोधकांच्या हाती आयतीच शाई आली. ही मुळी खाण्यात असताना बनलेलं हाड तेवढं लाल होतं, आधीचं आणि नंतरचं पांढरं राहतं. थोडे दिवस मुळी खायला घालायची, थोडे दिवस बंद ठेवायची, मग हाड कापून लाल-पांढरे थर पाहायचे. पुढे जॉन हंटर या सर्जनने याच प्रयोगांतून ठाम सांगितलं की हाड वाढायचं तर ते एकीकडे जिरायलाही हवं.

वाढ थांबली की हे सगळं थांबत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. तसं होत नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातलं साधारण 10 टक्के हाड दरवर्षी नवं होतं. आत्ता हे वाचताना तुमच्या अंगात लाखो ठिकाणी पाडकाम चालू आहे. त्यातलं एक ठिकाण जवळून पाहू.

पाडणारी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. ही मुळात रक्ताच्या घराण्यातली, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची चुलत बहीण. अनेक पेशी एकजीव होऊन ती बनते, म्हणून तिच्या पोटात एक सोडून पाच-दहा केंद्रकं दिसतात, कधी त्याहून जास्त. ती हाडावर येऊन बसते आणि कडेने घट्ट चिकटते, भिंतीला रबरी कप चिकटावा तशी. मधल्या बंद जागेत ती आम्ल सोडते. आम्लाने क्षार विरघळतात, मग विकरं सोडून ती कोलॅजेनच्या दोऱ्या कापते. व्हिनेगरच्या बरणीतला प्रयोग आणि त्याच्या पुढची पायरी, दोन्ही केसाहून कमी जाडीच्या जागेत. दोन-तीन आठवड्यांत तिथे खड्डा होतो, पेशी मरून जाते, आणि खड्ड्यात गवंडी उतरतात. त्यांचं काम निवांत चालतं. दिवसाला साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा थर. आधी दोऱ्या अंथरायच्या, काही दिवसांनी त्यांत क्षार बसवायचे. तीन आठवड्यांत पाडलेलं भरून काढायला तीन-चार महिने जातात. पाडणं झटपट आणि बांधणं रेंगाळत, हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काही गवंडी आपणच रचलेल्या भिंतीत गाडले जातात. ते मरत नाहीत, तर तिथेच ऑस्टिओसाइट म्हणून बसतात आणि बारीक बोगद्यांतून हातपाय पसरून शेजाऱ्यांना धरून राहतात. हाडातल्या दहापैकी नऊहून जास्त पेशी या असतात. हाड वजनाखाली किंचित वाकलं की बोगद्यांतला द्रव हलतो, आणि ते यांना कळतं. जिथे ताण पडतो तिथे त्या बांधकामावरची बंदी उठवतात. जिथे काहीच हालचाल नाही, किंवा बारीक चीर पडून त्यांचे धागे तुटलेत, तिथे पाडणाऱ्यांना बोलावून घेतात.

ताणाप्रमाणे हाड आपली घडण बदलतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने 1892 मध्ये नियम म्हणून मांडलं. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट, अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हाताऱ्या माणसाची जेवढी वर्षभरात घटते, साधारण तेवढी. शरीर कोरडा हिशेब करतं. वापर नाही, तर सांभाळायचं कशाला?

अचानक वापर वाढला की मात्र गंमत उलटी होते. नव्याने भरती झालेल्या सैनिकांच्या किंवा एकदम मैलोन्‌मैल धावू लागलेल्यांच्या पायाच्या हाडाला, कुठे पडलं-धडपडलं नसताना, चीर जाते. वाढत्या ताणाला उत्तर म्हणून हाड मजबूत करायचं काम शरीराने काढलेलं असतं, पण त्या कामाचा पहिला टप्पा पाडण्याचा. पाडून झालंय आणि भरून यायचंय, अशा मधल्या आठवड्यांत हाड आधीपेक्षा नाजूक असतं, आणि नेमकं तेव्हाच ते दामटवलं जातं. व्यायाम हळूहळू वाढवा असं सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

मग हे पाडकाम बंदच केलं तर? निसर्गात असा एक आजार आहे. ऑस्टिओपेट्रोसिस, म्हणजे हाडाचा दगड होणं. जन्मतःच ऑस्टिओक्लास्ट काम करत नाहीत. एक्स-रेवर ही हाडं संगमरवरासारखी पांढरीशुभ्र, भरीव दिसतात, आणि तरी खडूसारखी मोडतात, कारण जुनं, चिरा पडलेलं हाड कुणी काढतच नाही. आजार तीव्र असेल तर मज्जेला जागा उरत नाही आणि रक्त बनेनासं होतं. कवटीतून डोळ्या-कानाकडे जाणाऱ्या नसांच्या वाटा आवळल्या जातात. भरपूर हाड आणि चांगलं हाड यांत केवढा फरक आहे, ते इथे दिसतं.

पाडकामाला आणखी एक काम असतं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं, प्रौढ माणसात सुमारे एक किलो. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत, पण हृदयाचे ठोके, स्नायू, नसा यांचं सगळं त्यावर अडलेलं. म्हणून रक्तातली पातळी जरा घसरली की गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढलं जातं. हाडाचं काय व्हायचं ते होवो, हृदय थांबता कामा नये.

विशी-तिशीपर्यंत जमेची बाजू वरचढ असते. त्यानंतर प्रत्येक खड्डा भरताना किंचित कमी भरला जातो. बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो, पाडणाऱ्या पेशी जास्त संख्येने येतात, जास्त दिवस जगतात, आणि गवंड्यांचा मूळचा रेंगाळपणा तिथे नडतो. मणक्याच्या आत हाडाची जाळी असते, तिचे आडवे दांडे बारीक होतात आणि एक दिवस तुटतात. तुटलेल्या दांड्यावर गवंडी पुन्हा बांधू शकत नाहीत, कारण उभं राहायला जागाच उरत नाही. अशा ठिसूळ हाडांसाठी दिली जाणारी सर्वांत जुनी आणि नेहमीची औषधं पाडणाऱ्या पेशींना आवर घालतात, आणि खुब्याची-मणक्याची मोडतोड त्यांनी खरोखर कमी होते. पण वर्षानुवर्षं घेतली तर क्वचित कुणाचं मांडीचं हाड भलत्याच जागी, किरकोळ कारणाने मोडतं. म्हणून काही वर्षांनी डॉक्टर हिशेब करून यातल्या काही औषधांना सुट्टी देतात. ती सुट्टी आपल्या मनाने घ्यायची नसते, कारण काही औषधं मध्येच थांबवणं जास्त महागात पडतं.

आता मोडलेलं हाड. हाड मोडलं की आतल्या-बाहेरच्या रक्तवाहिन्या तुटतात आणि फटीत रक्ताची गुठळी साचते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. तिच्यातूनच दुरुस्तीचे निरोप सुटतात, ती काढून टाकली तर सांधणं लांबतं. सूज, ठणका हे सगळं पहिल्या काही दिवसांचं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फटीत जे भरतं ते हाड नसतं. कूर्चा असते! फटीत रक्तपुरवठा तुटलेला, प्राणवायू कमी. अशा जागी हाड बनवणाऱ्या पेशी तग धरत नाहीत, कूर्चेच्या धरतात. मग ती कूर्चा फुगते, तिच्यात क्षार साचतात, रक्तवाहिन्या घुसतात, पाडणारे येतात, गवंडी येतात. गर्भात मांडीचं हाड ज्या क्रमाने बनलं, तोच क्रम चाळिशीतल्या मोडलेल्या नडगीत पायरीपायरीने पुन्हा घडतो. त्वचा भरून येते तेव्हा मागे वण राहतो. हाड वण ठेवत नाही, ते हाडानेच भरून येतं.

प्लास्टर किंवा आतला रॉड हाड जोडत नाही. हाड शरीरच जोडतं, ते फक्त टोकं जागेवर धरतात, आणि तीही अगदी ताठ नकोत. किंचितशी हालचाल कूर्चेला चांगली मानवते. जास्त झाली तर नाजूक रक्तवाहिन्या पुन्हापुन्हा तुटतात आणि महिनोन्‌महिने हाड जुळत नाही. याउलट पट्टी आणि स्क्रूंनी टोकं एकमेकांवर घट्ट दाबून बसवली, तर शरीर कूर्चेचा टप्पाच टाळतं. पाडणाऱ्या पेशी एका टोकातून बोगदा खणत थेट दुसऱ्या टोकात शिरतात, मागून गवंडी तो भरत येतात. धूम्रपान करणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, रक्तपुरवठा कमी असलेल्या जागी, म्हणजे मनगटातलं नावेच्या आकाराचं हाड किंवा खुब्याची मान, तेही रखडतं. बाकी मोठ्या माणसाचा हात साधारण सहा-आठ आठवडे घेतो, पाय बारा किंवा जास्त, आणि लहान मुलांचं बरंच लवकर होतं.

सायबेरियातल्या कुर्गानच्या गाव्‍रील इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात या दुरुस्तीचाच फायदा उठवला. हाड मुद्दाम कापायचं, बाहेरच्या कड्यांच्या चौकटीत धरायचं, काही दिवस थांबायचं, आणि जुळू पाहणारी टोकं रोज एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटरच्या चार हप्त्यांत, एकमेकांपासून दूर न्यायची. फार भराभर ओढलं तर फट रिकामीच राहते, फार सावकाश ओढलं तर टोकं आधीच जुळून बसतात. नेमक्या वेगाने ओढलं तर फटीत नवं हाड बनत राहतं आणि आखूड पाय काही सेंटिमीटरने लांब होतो.

प्लास्टर निघाल्यावर मुलाच्या हाताला मोडल्या जागी टणक गाठ लागते, हातही किंचित वाकडा वाटतो, आणि आईबाप घाबरून डॉक्टरांना विचारतात, बसवताना काही चुकलं का? ती गाठ म्हणजे घाईघाईने रचलेलं, गरजेपेक्षा जाड कच्चं हाड. डॉक्टर फिल्म पाहतात. वाक थोडा असेल आणि वाढपट्टी जवळ असेल, तर सहसा काहीच करत नाहीत. पुढची वर्ष-दोन वर्षं बाहेरच्या फुगवट्याला ऑस्टिओक्लास्ट कुरतडतात, वाकाच्या आतल्या बाजूला गवंडी भर घालतात, आणि वाढपट्टी तिरकी वाढून टोक सरळ करते. मोठ्या माणसाची गाठही जिरते, पण वाक बहुधा तसाच राहतो, म्हणून त्याचं हाड पहिल्याच दिवशी नीट बसवावं लागतं. मुलाचा त्याच हाताचा एक्स-रे दोन वर्षांनी पुन्हा काढला, तर हाड कुठे मोडलं होतं ते बऱ्याचदा जुनी फिल्म शेजारी धरल्याशिवाय सांगता येत नाही.